फाटक पडण्याचा शॉट

६ फेब्रुवारी

नटी गेली. सकाळी तोंडाला रुमाल बांधून गाडीत बसली आणि जाताना म्हणते कशी, इथली धूळ माझ्या आवाजाला सोसणार नाही. आवाजाला. काल दिवसभरात तिने जी काही वाक्यं म्हटली ती कोरड्या पावासारखी होती. तरी आमच्या युनिटमधली निम्मी माणसं तिच्या गाडीमागे हात हलवत उभी.

भाऊजींना फोन केला. ते या सिनेमाचे निर्माते आणि माझ्या ताईचे नवरे. दोन्ही नाती एकाच फोनवर असल्यामुळे मला धड भांडता येत नाही. दुसरी नटी बघतो म्हणाले. मी म्हटलं, बघू नका, भूमिका आत्या करतील. 

एकदा नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझा गोंधळ व्हायला नको. चाळीसेक वर्षांपूर्वी या डोंगरातल्या आदिवासींनी पुलावर फाटक बसवलं आणि आपण स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. एक उन्हाळा टिकलं ते राज्य. मग लष्कराची गाडी आली, फाटक पडलं, आणि ज्या बाईने जाहीरनामा वाचला होता ती तुरुंगात गेली ती परत आलीच नाही. आत्या तिची धाकटी बहीण. गाव त्यांना आत्या म्हणतं म्हणून आम्हीही. त्या उन्हाळ्यावर सिनेमा करायचा हे माझ्या डोक्यात किती वर्षं आहे ते ताईला विचारा. माझं बोलणं ऐकून ऐकून शेवटी तिनेच भाऊजींना गळ घातली.

विचारायला गेले तेव्हा आत्या अंगणात ओले कपडे हातात धरून उभ्या होत्या. दोरीवर टाकत नव्हत्या, वरच्या रस्त्याकडे बघत होत्या. खाणीचे खडीचे डंपर त्या रस्त्याने उतरतात. म्हणाल्या, "आम्ही धुणं वाळत घालायला जागा बघत नाही, बाई. वेळ बघतो. दोन डंपरांच्या मधली." 

काय वाक्य आहे. अंगावर काटा आला. लगेच कॅमेरा मागवला आणि त्यांना तसंच, तिथेच, पुन्हा बोलायला लावलं. पटकथेत जागा करणार आहे त्याला.

बहिणीच्या भूमिकेबद्दल त्यांनी एकच विचारलं, पाठ किती करायचं.

११ फेब्रुवारी

आवाज ध्वनिमुद्रित करणारा आमचा माणूस, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, आज हेडफोन फेकून उठला. एकीकडे डंपर, दुसरीकडे खोकला. इथे म्हातारे, पोरं, बायका, सगळे खोकतात. कुणी शॉटच्या मध्ये, कुणी शॉटआधी घाईघाईने खोकून घेतो, तो तर जास्तच मोठा. कानसेन म्हणाला, मुका चित्रपट कर, मी घरी जातो. नंतर थंड झाल्यावर म्हणाला की खोकले पुसता येतील, हल्ली सगळं पुसता येतं. त्यावर मी अख्ख्या युनिटसमोर सांगितलं की माझ्या सिनेमात काही पुसलं जाणार नाही. जो आवाज त्या क्षणी होता तोच राहील. शांतता असेल तर ती इथलीच असेल, यंत्रातून आणलेली नसेल.

फाटकही मी परत पाठवलं. कला विभागाने प्लायवूडचं केलं होतं, वर लोखंडाचा रंग. लांबून दिसत नाही म्हणे. मला जवळून दिसतं ना. खरं लोखंड, खरे लाकडी खांब, सिमेंटात गाडलेले, आणि त्याच जागी जिथे तेव्हा होतं. गावातले लोक आपणहून खड्डे खणायला आले. एवढा उत्साह मी कुठल्याच सेटवर पाहिला नाही.

भाऊजींनी मात्र एक काम चोख केलं. खाणमालक त्यांच्या ओळखीचा. शूटिंग संपेपर्यंत डंपर बंद. शेवटचा शॉट झाला की दुसऱ्या दिवशी सुरू. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्या माणसाकडून एवढं पुष्कळ झालं.

२० फेब्रुवारी

मधले दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं, नुसतं काम. खोकला जवळजवळ थांबला आहे. मी रोज सकाळी सगळ्यांना समोर बसवून समजावते, श्वास कसा धरायचा, कॅमेऱ्यासमोर शांत कसं राहायचं. माणसं शिकतात, प्रेमाने सांगणारं कुणी लागतं.

कॅमेरामन हसला. त्याला आम्ही चष्मा म्हणतो, माझ्याबरोबर त्याने निम्मं आयुष्य काढलं आहे. म्हणाला, तुझ्या प्रेमाने आज ओढ्याचं पाणीसुद्धा स्वच्छ झालंय, बघितलंस का? त्याच्या बोलण्याकडे लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

२४ फेब्रुवारी

आज जाहीरनामा झाला. एका टेकमध्ये.

सगळं गाव फाटकामागे. आत्या दगडावर चढल्या. कागद दिला होता, तो त्यांनी घडी करून कमरेला खोचला आणि पाठच म्हणाल्या. "पुलापासून शिखरापर्यंतच्या मातीचा, पाण्याचा आणि वाऱ्याचा कारभार आजपासून आम्ही बघू. कुणी विचारलं, कुणाच्या परवानगीने, तर सांगू, आमच्या." आवाज चढवला नाही. रडल्या नाहीत. मी पटकथेत लिहिलं होतं की डोळ्यांत पाणी येतं. बरं झालं नाही आलं.

मी कट म्हणायला विसरले. चष्म्याने हळूच म्हटलं तेव्हा म्हणाले. आणि कट झाल्यावरही कुणी हललं नाही. एरवी कट म्हणताच पोरं चहाकडे पळतात. आज सगळे तसेच उभे, फाटकाकडे तोंड करून, मला वाटतं आमच्या चहाचा दुसरा उकाळा होईपर्यंत. किती खोल शिरली होती ती माणसं भूमिकेत. मोठमोठ्या नटांना जमत नाही ते.

मला रडू आलं. कुणाला दिसू नये म्हणून पुलाच्या कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाली पाण्यात तळाचे गोटे दिसत होते.

२८ फेब्रुवारी

डोकं फिरायची पाळी आली आज.

कंटिन्युइटी सांभाळणाऱ्या वहिनी सकाळी फोटो घेऊन आल्या. मागच्या शॉटमध्ये फाटकाभोवतीची झाडं करडी आणि आताच्या शॉटमध्ये हिरवीगार. पानांवरची धूळ गेली. कोणीतरी धुतली का झाडं, म्हणून मी ओरडले. वहिनी म्हणाल्या, कुणी नाही धुतली, रात्रीचं दव पडतंय आणि वरून नवीन धूळ बसत नाहीये. म्हणजे एकाच प्रसंगात एक पान करडं आणि दुसरं हिरवं. प्रेक्षक काय आंधळे आहेत?

मग काय, खाणीच्या तोंडाशी माणसं पाठवली, पोत्यांत धूळ भरून आणली आणि मोठा पंखा लावून झाडांवर उडवली. सकाळ गेली त्यात. वाऱ्याने निम्मी धूळ घरांवर गेली. एका घरातून बाई धावत बाहेर आली आणि दोरीवरचे कपडे ओढून काढू लागली, तिच्यामुळे पंखा पुन्हा बंद करावा लागला. आत्या कठड्यावर बसून बघत होत्या. मी जवळ जाऊन म्हटलं, बघा ना, एवढ्याशा शॉटसाठी केवढी यातायात. त्या म्हणाल्या, "तुला धूळ लागते तर."

मी म्हटलं, लागते, नाहीतर खोटं दिसतं.

त्या उठून घरात गेल्या. थकल्या असतील. वयही आहे.

४ मार्च

शेवटचा शॉट. फाटक पडण्याचा. एवढा एकच राहिला आहे.

एकसलग शॉट आहे. फाटकामागे गाव उभं. कुणी बोलत नाही. ती शांतता लांबत जाते, लांबत जाते, मग वळणावर लष्कराच्या गाडीचा आवाज, गाडी येते आणि फाटक पाडते. खरं फाटक असल्यामुळे ते एकदाच पडणार. म्हणून शांततेत गडबड झाली की गाडी वळणावरच थांबवायची, असं ठरलं आहे.

गडबड झाली. पहिल्या वेळी मागच्या रांगेत कुणीतरी खोकलं. दुसऱ्या वेळी एका म्हाताऱ्याने थेट कॅमेऱ्यात बघून नमस्कार केला. तिसऱ्या वेळी पुन्हा खोकला. मग उजेड गेला.

शिकवलेलं सगळं पाण्यात. शिंची कटकट.

६ मार्च

आज खोकला, शिंक, आणि एक बाई मध्येच खाली बसली, पायात गोळा आला म्हणे. मी कधी नव्हे ते माणसांवर ओरडले. तुमच्याच माणसांचं मरण दाखवतोय, तुम्हाला दोन मिनिटं गप्प उभं राहता येत नाही, असं म्हणाले. म्हणायला नको होतं. पण म्हणाले. आत्यासुद्धा आज चुकल्या, जागेवरून पुढे आल्या. जिने एका टेकमध्ये अख्खा जाहीरनामा म्हटला तिला नुसतं उभं राहता येत नाही?

कानसेन म्हणाला, घे ना शॉट, खोकला मी पुसतो. त्याच्या अंगावरच धावून गेले. माझी शांतता मला खरी हवी.

ताईचा फोन आला. मी तिच्याजवळ सगळी भडास काढली. अडाणी, बेशिस्त, कृतघ्न, तोंडाला येईल ते बोलले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लहानपणी घर-घर खेळतानासुद्धा कुणी रडायचं ते तूच ठरवायचीस. आणि मी नाही रडले की भांडी फेकायचीस."

मी फोन ठेवला. याचा इथे काय संबंध?

९ मार्च

लष्कराची गाडी भाड्याची मुदत संपली म्हणून परत गेली. भाऊजी परवा स्वतः येतायत.

आज काम नव्हतं म्हणून दुपारी शाळेच्या ज्या खोलीत आम्ही राहतो तिच्या खिडक्यांना चादरी लावल्या आणि आतापर्यंतचे टेक एकामागून एक पडद्यावर बघितले. चूक नेमकी कुणाची ते शोधायला.

तिसऱ्या टेकला थांबले. मागे नेला. पुन्हा बघितला.

शांतता पुरती भरते. मला हवी तशी. गाडीचा आवाज येणार त्याच्या जरा आधी आत्या पापण्या मिटतात. अगदी सावकाश. आणि दुसऱ्या रांगेतला तरुण खोकतो. त्याच्या आधीच्या टेकला पुन्हा पापण्या, आणि म्हाताऱ्याचा नमस्कार. सहा तारखेच्या एका टेकला पापण्या, आणि शिंक. शिंक कधी सांगून येते का? एकदा खोकणारा पुन्हा खोकत नाही, दर वेळी नवा माणूस. पाळ्या लावल्यासारख्या. मी आयुष्यात इतका अचूक बसवलेला प्रसंग पाहिला नाही, आणि तो मी बसवलेला नव्हता.

तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच उठून त्यांच्या घरी गेले.

अंगणभर कपडे वाळत होते. दोरीवर, कठड्यावर, झुडपांवर. चादरी, बाळाची दुपटी, सदरे. पांढरे कपडे पांढरे होते. आत्या त्यांच्यामध्ये पाटावर बसल्या होत्या, निवांत, रस्त्याकडे पाठ करून.

मी विचारलं, खोकला नक्की कुणाला आहे?

"आता कुणालाच नाही," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, माझा सिनेमा बुडवताय तुम्ही. त्या म्हणाल्या, बुडवत नाही, लांबवतोय. शॉट झाला की दुसऱ्या दिवशी डंपर येणार, हे तुझ्या भाऊजींनीच फोनच्या स्पीकरवरून पुलावर सगळ्यांसमोर सांगितलं होतं. चहा देणाऱ्याने ऐकलं, त्याच्याकडून गावाने ऐकलं.

मी म्हणाले, मग मला सांगायचं होतं. मी काय परकी आहे? मी तुमच्याच बाजूची आहे.

"सांगितलं की. पहिल्याच दिवशी, इथेच उभी राहून. तू म्हणालीस, किती सुंदर बोललात, पुन्हा बोला, कॅमेरा मागवते."

 मी चिडूनच म्हणाले की फाटक पडलं होतं हा इतिहास आहे, मी काही मनाचं रचलेलं नाही. आत्यांनी एक दुपटं उलटं केलं. म्हणाल्या, "तेव्हा पडलं ते त्यांनी पाडलं. जाहीर केलेलं आम्ही कधी मागे घेतलं नाही. आता पडेल ते आम्ही समोर गप्प उभं राहून पडू दिलेलं असेल. तू सांगितलंस म्हणून."

मला इतका राग आला होता, आणि तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं, की चपला तिथेच विसरून अनवाणी परत आले. रस्त्याने येताना पहिल्यांदा लक्षात आलं, पायाला धूळ लागत नाहीये.

संध्याकाळी चपला खोलीच्या दाराशी होत्या. धुतलेल्या.

११ मार्च

भाऊजी आले. वाईट माणूस नाही तो. ताईने माझ्यासाठी स्वेटर पाठवला होता तो आधी हातात दिला, मग खोकल्याच्या औषधाची बाटली. फोनवर मी खोकल्याच्या नावाने एवढा शंख केला होता, ताईला वाटलं सगळ्या युनिटला साथ आली.

मग मुद्द्यावर आले. उद्या शॉट होणार. खाणीतून लोडर मागवला आहे, त्यावर हिरवी ताडपत्री घालायची, लांबून लष्करी दिसेल. मी म्हटलं, दिसणार नाही. ते म्हणाले, प्रेक्षक तोपर्यंत रडत असतील. लोक गप्प राहिले तर ठीक, नाहीतर आवाज नंतर पुसायचा. ड्रायव्हर तुझा हात बघून गाडी काढेल.

मी डंपरांबद्दल बोलले. चादरींबद्दल, पानांबद्दल, पाण्याबद्दल. मला वाटतं मी चांगलं बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, "खरंच वाईट आहे हे. तुझा सिनेमा आला की लोकांना कळेल."

अगदी हेच वाक्य मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना ऐकवत आले आहे. त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते वाक्य उचलून भिंतीवर आपटावंसं वाटलं.

सोडून जावं का? गेले तर भाऊजी दुसऱ्या कुणाला तरी बसवतील आणि शॉट दुपारपर्यंत होऊन जाईल. माझ्यासारखा हट्टी माणूस नाही मिळणार त्यांना. आणि खरं सांगायचं तर सिनेमा सोडवतही नाही. माझा आहे तो. हे लिहितानाही माझ्या डोळ्यांपुढे ते फाटक कसं पडेल, आधी कुठला खांब जाईल, हेच येतंय. स्वतःची शिसारी येते कधी कधी.

१२ मार्च

गाव आलं. कुणी बोलावलं नव्हतं, आपापल्या जागी येऊन उभं राहिलं. फाटक सकाळच्या उन्हात होतं तसं, भक्कम. वळणावर लोडर, ताडपत्रीखालून पिवळा दिसणारा. भाऊजी माझ्या खुर्चीमागे.

मी आत्यांकडे बघत होते. शांतता भरत गेली. आज कुणी हललं नाही. कुणी खोकलं नाही. आत्यांनी पापण्या मिटल्या नाहीत. त्या माझ्याकडेच बघत होत्या, डोळे उघडे ठेवून. बहुतेक त्यांनी ठरवलंच होतं की आजचं माझ्यावर सोडायचं. किंवा दमले होते सगळे. मला माहीत नाही.

इतकी खरी शांतता मी कधी ऐकली नव्हती. मला हवी होती ती हीच. खाली ओढा वाहत होता, तोही ऐकू येत होता. चष्म्याने मान हलवली, म्हणजे चित्र सुंदर आहे. आता हात वर करायचा, एवढंच.

मी खोकले.

आधी बारीक. मग जोरात, पोटातून, थांबेना असा. कट म्हणाले. पुन्हा घेऊ म्हणाले.

पुन्हा घेतला. पुन्हा खोकले. भाऊजींना तिसऱ्या वेळी कळलं. खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाले, हा काय पोरकटपणा आहे, ताईला काय सांगू? मी म्हणाले, घसा खराब आहे सांगा. ते सरळ उभे राहिले आणि कानसेनला म्हणाले, तू पूस रे तो आवाज, आपण शॉट पुरा करू.

कानसेनने हेडफोन गळ्यात घेतला. माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाला, "नाही पुसता येत. शांततेवर बसलाय."

तोच माणूस, हल्ली सगळं पुसता येतं म्हणणारा.

मग ऊन डोक्यावर आलं, सावल्या बदलल्या, वहिनी म्हणाल्या आजच्या उजेडात जुळणार नाही. भाऊजी गाडीत जाऊन बसले आणि दार आपटलं. लोडरचा ड्रायव्हर खाली उतरून कठड्यावर बसला. त्याने ओढ्याकडे बघत विचारलं, पाणी पिण्यासारखं आहे का हो?

आत्या फाटकाच्या फटीतून वाकून बाहेर आल्या. हातात तांब्या. मला दिला. म्हणाल्या, "पी. धूळ गेली असेल घशात."

चेहऱ्यावर काही नाही. आसपास धुळीचा कण नव्हता.

खोलीत आले, दार लावलं आणि उशीवर मुठी मारल्या. एवढंच जमलं मला. एवढी वर्षं पेटून, एवढं बोलून, कागदच्या कागद लिहून, शेवटी काय, तर खोकले. एक दिवस मिळाला. एकच. खाण तिथेच आहे, भाऊजी तिथेच आहेत, शॉटही तिथेच आहे, माझ्या डोक्यात, अजूनही सुंदर.

दुपारी भाऊजी आले, काही न बोलता औषधाची बाटली टेबलावर माझ्यासमोर सरकवली आणि उभे राहिले. मी ती उघडत नाही हे बघून गेले.

ती अजून तिथेच आहे. बाहेर कुणीतरी दोरीवर कपडे झटकतंय. उद्या किती वेळा खोकावं लागेल याचा मी विचार करतेय, आणि घसा खरंच दुखायला लागलाय.